चार वेळा वर

“ऑपरेटरबाई, कालचा एकही रिपोर्ट दिसत नाहीये हो,” तिसऱ्या मजल्यावरची सिस्टर फोनवर म्हणाली. “माझ्याकडे सात पेशंट आहेत. सातही जणांच्या नावापुढे काही नाही.”

“असं कसं होईल? तारीख चुकली असेल.”

“दोनदा बघितली तारीख.”

बाईंनी मान वाकडी करून रिसीव्हर खांद्यात धरला आणि दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली. सोमवारचे रिपोर्ट जिथे असायला हवे होते ती जागा त्यांनी उघडली. आत काही नव्हते. मग राखीव डिस्क पाहिली. तिथे शनिवारपर्यंतचे सगळे जागच्या जागी होते. सोमवार मात्र कुठेच नव्हता.

“बाई? आहात ना?”

“आहे. पाच मिनिटांत सांगते.”

पण पाच मिनिटांत सांगण्यासारखे काही सापडले नाही. अर्ध्या तासात बाकीच्या मजल्यांवरूनही फोन आले, खाली काउंटरसमोर लोक चुळबुळ करू लागले आणि अकराच्या सुमारास रुग्णालयाच्या त्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना कळून चुकले की सोमवारचे त्र्याण्णव रिपोर्ट पुसले गेले आहेत.

प्रयोगशाळेतले रिपोर्ट ज्या यंत्रावर साठत, त्याला सगळे नुसते ‘काळा पडदा’ म्हणत. त्याच्यावर चित्रे नव्हती, बोट ठेवून उघडायच्या खिडक्या नव्हत्या. जे करायचे ते लिहून सांगायचे आणि एंटर दाबायचे. तो निमूट हुकूम पाळत असे. चुकीचा हुकूमही तितक्याच निमूटपणे पाळत असे. बाकी सगळे त्याला वचकून असत. बाई मात्र बावीस वर्षे त्याच्यासमोर बसत होत्या आणि त्यांचे खरे नाव पगारपत्रकापुरतेच उरले होते. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत त्या सगळ्यांच्या ऑपरेटरबाई होत्या.

खरे तर त्या आल्या होत्या टायपिस्ट म्हणून. तेव्हा या खुर्चीवर एक गृहस्थ बसत. कुणी जवळ आले की ते अंग वळवून पडदा झाकत, म्हणून त्यांचे नाव झाकणसाहेब पडले होते. बाईंनी तीन वर्षे त्यांच्या मिनतवाऱ्या केल्या. “तुम्हाला काय करायचंय? तुम्ही लेबलं टाइप करा,” एवढेच उत्तर मिळे. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी कागदाच्या चिटोऱ्यावर चार ओळी खरडून दिल्या आणि त्यातलीही एक चुकीची निघाली.

पुढच्या सोमवारी बाई एकट्या त्या पडद्यासमोर बसल्या. घाईघाईत त्यांनी भलतीच कळ दाबली, वरच्या दिशेने बाण असलेली. आणि पडद्यावर झाकणसाहेबांनी टाइप केलेली शेवटची ओळ आपोआप येऊन उभी राहिली. पुन्हा दाबली तर त्याच्या आधीची. पुन्हा दाबली तर त्याच्याही आधीची. मग त्यांना ‘हिस्टरी’ हा शब्द सापडला. तो लिहिला की झाकणसाहेबांच्या हजार ओळी क्रमाने, आकडे घालून, भराभर खाली उतरत. जे तोंडाने सांगायला माणूस तयार नव्हता, ते त्याचे यंत्र आढेवेढे न घेता सांगत होते. बाई सहा महिने त्या ओळी वाचत होत्या. कुठली कमांड कुठल्या कमांडीनंतर येते, कुठे साहेब चुकले, चुकल्यावर त्यांनी काय केले. एका ठिकाणी एकच स्पेलिंग साहेबांनी चारदा चुकवले होते आणि पाचव्या ओळीत यंत्रालाच ‘गाढवा’ असे लिहून एंटर मारले होते. त्यावर यंत्र काय म्हणाले असेल या विचाराने बाई एकट्याच खुदकन हसल्या होत्या.

अशी त्यांनी विद्या मिळवली. त्यामुळे बाणाची ती कळ त्यांची जीव की प्राण होती. रोज सकाळी त्यांच्या चार कमांडी ठरलेल्या असत. पहिली तारीख विचारायची, दुसरी कालच्या रिपोर्टांची यादी बघायची, तिसरी त्यांची प्रत राखीव डिस्कवर घ्यायची, आणि चौथी, प्रत झाली की मूळ जागा पुसून आजच्यासाठी मोकळी करायची. पहिल्या दोन छोट्या, त्या बाई हाताने लिहीत. पुढच्या दोन लांबलचक. त्यासाठी चार वेळा वरचा बाण दाबला की कालची तीच कमांड समोर येई. चार वेळा वर, एंटर. चार वेळा वर, एंटर. बावीस वर्षांत त्यांच्या बोटांना ते इतके पाठ झाले होते की डोळ्यांना काम उरले नव्हते.

दुपारी बारा वाजता मोठे डॉक्टर, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, स्वतः काळ्या पडद्यासमोर येऊन उभे राहिले. बाई एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला नवी.

नवी म्हणजे दोन महिन्यांपूर्वी कंत्राटावर आलेली इंजिनियर मुलगी. जुने यंत्र काढून नवे बसवायचे होते, त्याची तयारी तिच्याकडे होती. रोज नऊला येऊन ती याच पडद्यावर, याच एका खात्यातून काम करी. कारण खाते एकच होते. झाकणसाहेबांच्या काळापासून कुणाला दुसरे लागलेच नव्हते. मात्र ती आपल्याच एका प्रोग्रामच्या आत शिरून काम करी, त्यामुळे तिच्या ओळी एरवी हिस्टरीत उमटत नसत. गेले आठ दिवस ती राखीव डिस्कवर काहीतरी मांडामांड करत होती, हे सगळ्यांना माहीत होते.

“काय काय टाइप झालंय ते दिसतं ना यात?” डॉक्टरांनी विचारले.

“दिसतं सर.” नवीने हिस्टरी उघडली. शेवटच्या ओळींमध्ये सोमवारची जागा पुसण्याची कमांड स्पष्ट दिसत होती. तिच्या लगेच खाली डिस्कवर किती जागा उरली ते विचारणारी एक छोटी ओळ होती.

“ही खालची कुणाची?”

“माझी. जागा किती उरलीय ते मी कालपासून हाताने लिहून बघतेय.”

“मग तिच्या डोक्यावरची कुणाची?”

नवी पडद्याकडे वाकली. “पुसायची कमांड मी कधी वापरत नाही सर. ती बाईंची आहे.”

“बाई?”

“मी रोजच्यासारखी आधी प्रत घेतली,” बाई म्हणाल्या. “प्रत घेतल्याशिवाय मी पुसत नाही. बावीस वर्षांत एकदाही नाही.”

“प्रत घेतली, तर ती गेली कुठं?” डॉक्टरांनी नवीकडे पाहिले. “त्या डिस्कवर तर तुमचंच काम चाललंय.”

डॉक्टर तापट नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि हलक्या आवाजात सांगितले, “हे बघा, इथं पानं नाही हरवलेली, माणसांचं रक्त हरवलंय. उद्यापासून येऊ नका. तुमच्या कंपनीला मी कळवतो.”

पुढचे तीन तास कुणाला मान वर करायला फुरसत नव्हती. काही तपासण्यांचे आकडे तपासणी-यंत्रांच्या पोटात शिल्लक होते, ते पुन्हा उतरवले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्यांच्या नोंदी वहीत होत्या, त्या चढवल्या. त्र्याण्णवांचे साठ झाले, साठांचे चाळीस. शेवटी सव्वीस उरले. त्यांचे आकडे कुठेच नव्हते आणि नमुने फेकून झाले होते. त्या सव्वीस जणांना पुन्हा बोलावून पुन्हा सुई टोचावी लागणार होती.

निघताना नवी जिन्याखाली पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. खांद्याला बॅग, हातात रिकामा पेला. बाईंना राहवले नाही.

“अगं, झालं ते झालं. तू हुशार आहेस, दुसरीकडे मिळेल.”

“मी सकाळपासून आठवतेय, बाई,” ती म्हणाली. तिचा आवाज अगदी कोरडा होता. “नऊ वाजता मी जागा बघितली का? बघितली असेल. काल संध्याकाळी तर बघितलीच होती. वरचा बाण दाबताना चुकून तुमची ओळ आली असेल आणि मी एंटर मारलं असेल. मला आठवत नाही, पण... कदाचित मीच केलं असेल.”

ती गेली. बाई परत येऊन खुर्चीवर बसल्या. चार वाजले होते, काम उरकले होते, तरी त्यांचे बूड खुर्चीवर टेकेना. त्या पोरीचे शेवटचे वाक्य घशात अडकलेल्या कुसासारखे टोचत होते. त्यांनी ‘हिस्टरी’ लिहिले.

इतकी वर्षे त्यांनी दुसऱ्याच्या ओळी वाचल्या होत्या. आज त्या आपल्या वाचायला बसल्या.

सोमवार सकाळ. तारीख, यादी, प्रत, पुसणे. बरोबर. त्याखाली सोमवार संध्याकाळची, प्रोग्रामच्या बाहेर लिहिलेली, नवीची एकच ओळ, डिस्कची जागा. त्याखाली मंगळवार सकाळ. तारीख. यादी. पुसणे. डिस्कची जागा.

बाईंनी पुन्हा वाचले. ओळीवर बोट ठेवून वाचले. मंगळवारची प्रत नव्हती. प्रत घेतलेलीच नव्हती.

मग त्यांनी डोळे मिटून मांडीवर बोटांनी मोजले. चार वेळा वर. यादी, तारीख, नवीची कालची ओळ आणि चौथी... चौथी पुसण्याची. रोज चौथी प्रतीची यायची. मध्ये एक ओळ वाढली आणि सगळी गाडी एका डब्याने सरकली. पुसताना यंत्र काही बोलत नाही, चूपचाप पुसते. त्यानंतर त्यांनी पुन्हा चार वेळा वर केले तेव्हा आली ती नवीची ओळ. तिने चार आकडे पडद्यावर दाखवले असतील, आणि बाईंनी डोळ्याच्या कोपऱ्यातून काहीतरी हललेले पाहून ‘झाले’ म्हटले असेल आणि त्या उठल्या असतील. ती खालची ओळ नवीने लिहिलीच नव्हती. नवी यायच्या दीड तास आधी ती बाईंच्या बोटांखालून गेली होती.

आणि त्या वेळी त्या कुठे बघत होत्या तेही त्यांना आता लख्ख आठवले. दारात वॉचमन उभा होता, मागच्या नळाचे पाणी थांबत नाही म्हणून सांगत होता. बाईंची मान त्याच्याकडे आणि हात कीबोर्डवर. “प्लंबरला किती वेळा सांगायचं?” असे त्या म्हणत होत्या, आणि बोलता बोलता त्यांनी त्र्याण्णव माणसांचे रिपोर्ट पुसून टाकले होते.

या ओळींवर ना नाव होते, ना वेळ. खाते एक, माणसे दोन. तारीख आणि यादी या दोन ओळींच्या पाठीला पाठ लावून आलेली ती ओळ बाईंचीच असणार, हे ओळखणारे माणूस जगात एकच होते. हिस्टरीतली एखादीच ओळ कशी काढून टाकायची हेही झाकणसाहेबांच्या कृपेने त्यांना येत होते. पण तेवढे करण्याचीसुद्धा गरज नव्हती. नुसते गप्प बसले की पुरे होते.

त्यांनी पडदा बंद केला आणि पर्स उचलली.

घरी बाईंचे यजमान पुढच्या खोलीत एक जुने कुलूप उघडून बसले होते. त्यांचा कुलपे दुरुस्त करण्याचा धंदा. दुकान बंद केल्यावरही एखादे हट्टी कुलूप ते घरी घेऊन येत. बाईंनी चपला काढता काढता सगळे सांगून टाकले. मध्ये थांबल्या असत्या तर पुढचे बोलणे झाले नसते.

यजमानांनी ऐकता ऐकता कानस चालूच ठेवली होती.

“दोन वर्षं राहिलीत तुझी,” ते म्हणाले. “पोरगी तरुण आहे, शिकलेली आहे. तिला छप्पन्न ठिकाणी नोकऱ्या. तुला त्या खुर्चीवरून उठवलं तर तू काय करणार? आणि मुद्दाम केलंस का तू? तिची ओळ मध्ये आली म्हणून झालं. म्हणजे चूक तिचीही आहेच की थोडी.”

“ती ओळ लिहायची तिला मुभा होती. मला न वाचता एंटर मारायची नव्हती.”

“कळलं. पण आता बोलून ते सव्वीस जण सुईतून सुटणार आहेत का?”

“नाही.”

“मग?”

बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. समोरच्या इमारतीत कुणीतरी दोरीवरचे कपडे काढत होते. “ती मला काय म्हणाली माहितीये? म्हणाली, मला आठवत नाही, पण कदाचित मीच केलं असेल.”

कानशीचा आवाज थांबला. “असं म्हणाली? स्वतःहून?”

“स्वतःहून.”

यजमानांनी कुलूप फडक्यावर ठेवले. “मग अवघड आहे,” ते म्हणाले आणि उठून चहाचे आधण ठेवायला आत गेले. ते कधी चहा करत नसत. त्या दिवशी त्यांनी केला, आणि साखर घालायला विसरले. बाईंनी तो तसाच पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर खोलीचे कुलूप काढत होते तेव्हा बाई दारात उभ्या होत्या. आत गेल्यावर त्या बसल्या नाहीत.

“सर, सोमवारचे रिपोर्ट मी पुसले.”

त्यांनी कागदावर ओळी उतरवून आणल्या होत्या. कागद टेबलावर पसरून त्यांनी बोटाने एकेक ओळ दाखवली. डॉक्टरांना कमांडींमधले फारसे कळत नव्हते, पण चारपर्यंत मोजणे कळत होते. त्यांनीही मोजून पाहिले. मग चष्मा काढून ठेवला.

“काल तुम्ही माझ्यासमोर सांगितलंत की प्रत घेतली.”

“मला तसंच वाटत होतं. खोटं नाही बोलले. पण खरंही नव्हतं ते.”

“बावीस वर्षं, बाई...”

“हो.”

“तुमचं आता काय करू मी?”

“ते तुम्ही ठरवा. आधी तिला फोन करा. नऊच्या आत लावा, नाहीतर ती कुठंतरी मुलाखतीला निघून जाईल.”

डॉक्टरांनी फोन उचलला. बाईंची चौकशी होईल, आज त्यांनी नवीला काम समजावून द्यायचे आणि उद्यापासून चौकशी संपेपर्यंत काळ्या पडद्यावर बसायचे नाही, असे त्यांनी सांगितले. काउंटरवर जागा होती. आणि त्या सव्वीस जणांना फोन करून बोलवायला कुणीतरी हवे होते.

“मी करते,” बाई म्हणाल्या.

नवी दहाला आली. बाईंना वाटले होते, पोरगी रडेल, हात धरेल, निदान सुटकेचा श्वास तरी टाकेल. तसे काही झाले नाही. ती बॅग न काढताच समोर येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले होते.

“मी आईला सांगितलं, चूक माझीच आहे म्हणून. काल अख्खा दिवस मी स्वतःला शिव्या दिल्या. तुम्ही एकदा, फक्त एकदा हिस्टरी नीट वाचली असती ना, डॉक्टरांसमोर तोंड उघडायच्या आधी...”

“खरंय तुझं.”

“खरंय काय! मी तुमच्याकडून शिकायला बसायचे बाई.”

बाईंनी खुर्ची मागे ओढली आणि तिला जागा करून दिली. “बस. मी शेजारी स्टूल घेते. मला इथं आजचा दिवसच बसू देणार आहेत, तेवढ्यात सगळं सांगते. जे मी कुणाला सांगितलं नाही तेही.”

नवी बॅग खाली ठेवून बसली. बाईंनी जुन्या जुन्या ओळी उघडून दाखवल्या. ही कमांड वर्षातून एकदाच लागते, ही लिहिताना मधली मोकळी जागा सुटली तर घात होतो, ही झाकणसाहेबांची, अजून मला पुरती कळलेली नाही. नवी आधी नुसती मान हलवत होती. तासाभराने प्रश्न विचारू लागली. गाढवाची गोष्ट आली तेव्हा तिच्या ओठाचा कोपरा जरासा हलला, पण ती हसली नाही.

दुपारी तिने आपल्यासाठी वेगळे खाते उघडले. पुसण्याआधी यंत्राने ‘खरंच पुसू का?’ असे विचारावे अशी सोय केली, आणि प्रत्येक ओळीशेजारी वेळ उमटेल असे करून ठेवले.

“हे खरं तर पहिल्या दिवशीच करायला हवं होतं मी,” ती पुटपुटली. मग पडद्यावरून नजर न काढता तिने विचारले, “तुमच्या नावाचं खातं करू?”

“मला कशाला आता?”



काउंटरमागच्या टेबलावर बसून बाईंनी सव्वीस नावांची यादी समोर घेतली. पहिल्या फोनला त्यांनी, “तांत्रिक कारणामुळे” असे म्हणून पाहिले. पलीकडचा माणूस म्हणाला, “म्हणजे काय?” बाईंना ते शब्द स्वतःच्याच तोंडात परके वाटले. दुसऱ्या फोनपासून त्या सरळ सांगू लागल्या. “तुमचा रिपोर्ट माझ्या हातून पुसला गेला. तुम्हाला पुन्हा रक्त द्यायला यावं लागेल. चूक माझी आहे.” काही जण भडकले. एकाने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एक आजीबाई मात्र उलट विचारत बसल्या की तुला रागावले तर नाहीत ना ग कुणी. गुरुवारी संध्याकाळपर्यंत पंचवीस जण येऊन गेले. जो येईल त्याच्याजवळ बाई स्वतः जाऊन उभ्या राहत.

सव्विसावे येऊ शकत नव्हते. पाय मोडल्यामुळे ते घरीच पडून होते. सोमवारीही त्यांचे रक्त घरी जाऊनच घेतले होते. शुक्रवारी सकाळी नमुने घेणारी सिस्टर त्यांच्याकडे निघाली तेव्हा बाईही तिच्याबरोबर गेल्या.

तीन जिने चढून गेल्यावर एक अरुंद खोली होती. खिडकीखाली पलंग, पलंगावर एक हडकुळे, पिकल्या केसांचे आजोबा, पायाला प्लास्टर. त्यांच्या सुनेने दार उघडले, खुर्च्या दिल्या आणि ती आत निघून गेली.

“सोमवारी घेतलं की रक्त. पुन्हा कशाला?” आजोबा म्हणाले. “पहिलं पसंत नाही पडलं?”

सिस्टर हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी रोजचे वाक्य म्हटले. आजोबांनी त्यांना नीट न्याहाळले.

“पुसला गेला म्हणजे नेमकं काय झालं? मला कळेल असं सांगा.”

सव्विसांत असे कुणी विचारले नव्हते. सव्विसांतच कशाला, बावीस वर्षांत कुणी विचारले नव्हते की तुम्ही तिथे बसून नेमके करता काय. बाईंनी सांगितले. काळा पडदा, रोजच्या चार ओळी, वरचा बाण, जुनी ओळ पुन्हा लिहावी न लागता समोर येते ती कशी, मध्ये एक ओळ कशी वाढली. सांगताना त्यांची बोटे आपोआप मांडीवर हलत होती.

“मी जुळारी होतो,” त्या थांबल्यावर ते म्हणाले. “छापखान्यात. अक्षरांचे खिळे जुळवायचो, चाळीस वर्षं. दर महिन्याला तेच ते छापायचं असलं की जुळवलेला मजकूर आम्ही मोडत नसू. तसाच दोऱ्याने बांधून फळीवर ठेवायचा. पुढच्या वेळी काढायचा, तेवढी तारीख बदलायची, चढवायचा मशीनवर. बराच वेळ वाचतो.”

“हो,” बाई म्हणाल्या.

“एकदा तारीख बदलायची राहिली. एका कॉलेजच्या परीक्षेचं पत्रक होतं. मागच्या वर्षीची तारीख छापून गेली. चाळीस-पन्नास पोरं चुकीच्या दिवशी आली परीक्षेला.” ते प्लास्टरचा टवका नखाने खरवडत राहिले. “मालक म्हणाला, होतं असं. बायको म्हणाली, होतं असं. अहो, होतं असं म्हणजे काय? चढवायच्या आधी वाचायचं असतं. मी वाचलं नव्हतं.”

“मीही नव्हतं वाचलं.”

“नव्हतंच वाचलं तुम्ही,” आजोबा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता आणि दिलासाही नव्हता. एका कारागिराने दुसऱ्याला कामातली चूक दाखवावी तसे ते बोलले. गेले तीन दिवस बाईंच्या खांद्यांत साचलेले काहीतरी त्या सरळ शब्दांनी सैल झाले. डोळे भरून आले तसे त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवले.

सिस्टरने डबा उघडून सुई काढली, कापूस भिजवला आणि पट्टा बांधायला आजोबांचा डावा हात धरला. कोपरात सोमवारचा निळा डाग अजून तसाच होता.

“तो नको,” आजोबा म्हणाले. “त्याची शीर फसवी आहे, उगाच दोनदा टोचावं लागेल.”

मग कोपरावर भार देत ते हळूहळू उठून बसले, उजव्या बाहीचे बटण एका हाताने काढू लागले. बटण पुन्हा पुन्हा निसटत होते. बाई पुढे झाल्या, पण त्यांनी मानेनेच नको म्हटले. तिसऱ्या खेपेला बटण निघाले. त्यांनी बाही घडीवर घडी घालत कोपराच्या वर नेली आणि हात उशीवर उताणा ठेवला.